मावशीच्या गाण्यांची खोली

खोटं कशाला बोलू, स्टुडिओ मला माझ्यासाठीच हवा होता. चाळीस वर्षं गिटार बडवतोय, एकदा तरी नीट रेकॉर्ड करावी ही हौस. पण माझं, हालवरचं, नाव सांगून "गिटारीसाठी या" म्हटलं असतं, तर आमच्या खोऱ्यातलं कुत्रंही फिरकलं नसतं. म्हणून मी ओलाउगमावशीचं नाव पुढे केलं.

मावशी एक्क्याण्णवची. डोंगरावरच्या कुरणात गुरांना हाका घालायची जुनी गाणी आता तिला एकटीलाच येतात. मोजून अकरा. चर्चमधून बाहेर पडताना मी म्हणालो, "ती गेली की गाणीही गेली. माझ्या गॅरेजात तिच्यासाठी खोली करतोय." झालं! पुढच्याच शनिवारी नऊ जण हातोड्या घेऊन दारात हजर. आमच्या नॉर्वेत याला दुग्नाद म्हणतात. सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्यानं कॉफी नि वॉफल खाऊ घालायचे.

मग मला चेवच आला. भिंतीमागे भिंत, मधे आवाज अडवायला काचलोकर, वर जिप्समचे दोन-दोन थर. रस्त्याची धडधड आत येऊ नये म्हणून जमीन रबरी ठोकळ्यांवर वीतभर उचलली. गॅरेजचं मोठं दार विटांनी बुजवून मधे लहानशी वाट तेवढी ठेवली.

समोरचा स्वेनुंग काय गप्प बसतो! "हालवर, इथे गाणी म्हणायची की बटाटे साठवायचे?"

"तुला नाही कळायचं ते. फट जेवढी लहान, तेवढा आवाज कमी फुटतो."

बायको, तोरुन, एकदा म्हणाली, "अहो, मावशीला आणून दाखवा ना एकदा." मी म्हटलं, पूर्ण होऊ दे, मग बघेल. शेवटी दाराच्या चौकटी मी एकट्यानंच बसवल्या. पाठोपाठ दोन दारं, दोन्ही अरुंद. स्वतःवरच खूश होऊन मी ती चारदा उघडून मिटून पाहिली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मावशीची गाडी आली. सगळे जमले होते. चालकानं मागची फळी उतरवली आणि मावशी तिच्या चाकाच्या खुर्चीत बसून खाली आली. केसांना पाणी लावलेलं, अंगावर सणाचा पोशाख, छातीवर चांदीचा मोठा ब्रोच.

खुर्ची दारापाशी आली आणि अडली. वीतभर पायरी, वर चौकट एवढीशी. स्वेनुंगनं खुर्ची तिरकी करून पाहिली, मागे घेऊन पाहिली. छे! जिथून माझी मोटार जायची, तिथून आता मावशी जाईना.

सात वर्षं झाली ती खुर्चीत आहे. गेल्या नाताळात मीच तिला ढकलत चर्चमध्ये नेलं होतं! पूर्ण वसंत मी खोलीतल्या हवेचंसुद्धा माप घेतलं, आणि तिच्या खुर्चीचं घ्यायचं सुचलं नाही. सुचणार कसं? डोक्यात मावशी होतीच कुठे?

स्वेनुंग माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर आलेले शब्द मला दिसत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "त्याच्याकडे काय बघताय? मीच बजावलं होतं त्याला, खुर्चीचं माप घेशील तर खबरदार. म्हटलं, मी आपल्या पायांनी चालत आत जाणार. फाजील हट्ट माझा, दुसरं काय!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मावशीही. एवढंच म्हणायचं होतं, "नाही, मी विसरलो."

"हो," मी म्हणालो. "तसंच ठरलं होतं आमचं."

मग स्वेनुंगच्या गॅरेजात, बर्फाची फावडी नि टायर बाजूला सारून, मावशी गायली. अकराही गाणी. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. मान वर करवली नाही.

निघताना स्वेनुंगनं माझा खांदा धरला. त्याचे डोळे ओले होते. "माफ कर रे. मघाशी तुझ्याबद्दल नाही नाही ते मनात आलं माझ्या."

"असू दे रे," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."