मागचे ब्रेक आणि जावयाचा आग्रह

अभिमन्यूनं आयुष्यात एकदाच पाना हातात धरला होता, आणि तेव्हा मोरीचा नळ तुटून घरात तळं झालं होतं. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता खरा, पण मशीन बंद पडलं की "बघा रे जरा" एवढंच म्हणायचा. तरीपण रविवारी सकाळी चहा पिता पिता त्याची जीभ घसरलीच.

"मामा, गॅरेजला कशाला? मागचे ब्रेकपॅडच बदलायचेत की. मी हितं दारात करतो."

सासरे हिंदुराव आदल्या दिवशी नातेपुत्याहून लेकीला, म्हणजे अभिमन्यूच्या बायकोला, अंकिताला भेटायला आले होते. गाडी मागच्या चाकांतनं अशी किरकिरत आली, की गल्लीतली कुत्री आधी पळाली आणि मग लांब जाऊन भुंकली. जावयाला साधा बल्ब बदलता येत न्हाय, हे हिंदुरावांनी गावभर सांगितलेलं. म्हणून तर अभिमन्यूला खुमखुमी.

"जमंल का, जावईबापू?"

"त्यात काय!"

बाजारातनं नवे पॅड आणले. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, जॅक चढवला. चाक निघालं. जुने पॅड झिजून पार पापडासारखे झालेले. आता नवे जाडजूड पॅड बसायचे तर पॅडला रेटणारा आतला पिस्टन मागं सरकायला हवा. अभिमन्यूनं दाबला. गुडघा लावून दाबला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, पिस्टन जागचा हलेना. "मोडला! सासऱ्याची गाडी मोडली!" असं मनात म्हणत तो घाम पुसत घरात गेला आणि पंख्याखाली मोबाईलवर व्हिडिओ बघत बसला. कळलं ते असं, की पुढच्या चाकाचा पिस्टन नुसता दाबायचा असतो, ह्या गाडीच्या मागच्या चाकाचा मात्र स्क्रूसारखा फिरवत फिरवत आत घालायचा.

मग मात्र काम सरळ झालं. दोन्ही बाजू बसल्या. ब्रेकचं पेडल दाबून दाबून टणक केलं. हिंदुरावांनी स्वतः वाकून जॅकवरचं चाक हातानं फिरवलं.

"आवाज न्हाय! लोण्यावानी फिरतंय. हात हाय बरं का तुमच्या हातात!"

अभिमन्यूची छाती फुगली. जेवणं झाली. हिंदुराव बॅग डिकीत टाकून, टोपी घालून गाडीत बसले. अभिमन्यूची आई दगडाबाई ओट्यावर उभी राहून कौतुकानं म्हणाली, "किरकिर न्हाय ऱ्हायली न्हवं? मग! तू पंख्याखाली बसलावतास तवा त्या चारी नव्या फळ्यांना मीच तेल चोळलं."

"कसलं तेल?"

"शेंगदाण्याचं. लोखंड घासतंय म्हटल्यावर तेल नको व्हय? वरचं पुसून काढलं पदरानं. मुरलंय आत झकास."

अभिमन्यू गाडीकडं धावला. ब्रेकपॅडला तेल! म्हणजे दाबले तरी पॅड घसरणार, चाक धरणार नाहीत. आणि हिंदुराव गाडी चालवायचे कशी, तर समोर म्हैस आली की आधी हॉर्न, मग शिवी, आणि अगदीच नाइलाज झाला तर ब्रेक. माळशिरसच्या अलीकडं एखादा उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तर? अंकिताला काय तोंड दाखवायचं? पण खरं सांगितलं तर उद्या नातेपुत्यात चहाच्या टपरीवर हसतील.

त्यानं खिडकी धरली. "मामा, आज नका जाऊ."

"जायाला पायजे."

"एक रात ऱ्हावा की. अंकिता धपाटे करतीय."

"परत येईन की. सोडा खिडकी."

"मी न्हाय सोडणार!"

हिंदुरावांनी खिडकीवरचा त्याचा हात थोपटला. "किती आग्रह करताय ओ! आमच्या सख्ख्या भावानं एवढा कधी केला न्हाय." असं म्हणून त्यांनी चावी फिरवली. पाव्हण्यानं तीनदा नाही म्हणायचं असतं, ही त्यांची जुनी रीत.

इज्जत गेली खड्ड्यात, असं म्हणून अभिमन्यू ओरडला, "मामा, मागचे ब्रेक लागायचे न्हायत! पॅडला तेल लागलंय!"

"ऐकलं का गं अंके?" हिंदुराव दारातल्या लेकीकडं बघून हसायला लागले. "मला ठेवून घ्यायला खोटं बोलतोय! मघाशी हातानं चाक फिरवून बघितलंय मी!"

"आये, सांग की त्यास्नी!"

"व्हय ओ पावणं, मीच लावलंय तेल," दगडाबाई म्हणाली. "ऱ्हावा की!"

"घ्या! विहीणबाईबी सामील!"

अंकितानं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि तिला पटलं. "बाबा, उतरा!" ती म्हणाली.

"लेक तर म्हणणारच," म्हणत हिंदुरावांनी गिअर टाकला.

तेव्हा अभिमन्यू धावत पुढं गेला आणि बंपरसमोर रस्त्यावर आडवा झाला. लागलीच त्याच्या ध्यानात आलं की गाडीला मागचे ब्रेक न्हायत, आणि आपण तिच्याच समोर झोपलोय. डोळे गच्च मिटून त्यानं ग्रामदैवताचं नाव घेतलं. ऐनवेळी नेमकं आठवेना, म्हणून कारखान्याच्या मालकाचं घेतलं.

इंजिन बंद झालं. दार वाजलं. हिंदुराव टोपीनं डोळे पुसत समोर आले.

"बास, जावईबापू. जिकलासा. असा जावई तालुक्यात न्हाय. आता आठ दिस हलत न्हाय मी!"

शेजारपाजारच्या बायका ओट्यांवर गोळा झाल्या होत्या. त्यातल्या एकीनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं, "शिका जरा."

हिंदुराव बॅग घेऊन, फोनवर नातेपुत्याला सगळं रंगवून सांगत आत गेले. अंकिता नवऱ्यावर वाकली.

"उठा आता. गेले आत."

"चावी कुटं हाय?"

"त्यांच्या खिशात. म्हणाले, चहा झाला की तुमाला गाडीतनं एक चक्कर मारून आणतो."

अभिमन्यूनं पडल्या पडल्या बंपरला घट्ट मिठी मारली.