खर्जाचं वर्ष

नांदेडला तरोड्यात भीमजयंतीचा कार्यक्रम रंगात आला होता आणि भर गाण्यात लुंबिनीचा आवाज गेला. नुसता घोगरा झाला नाही. तोंड उघडं आणि आतून काहीच येईना. ढोलकीवर तिचा नवरा सुमेध होता. त्याने थोडी वाट बघितली, मग मागे बसलेल्या पुतणीला, रूपालीला, खूण केली. रूपालीने गाणं उचललं आणि कार्यक्रम पुढे सरकला.

डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. "ओरडून गाता तुम्ही," ते म्हणाले. "आता बोलणंही बंद. या विरतील, पण तसंच गायलात तर परत येतील."

लुंबिनी लग्नाआधीपासून उघड्या मैदानात गात आली होती. पेटी काळी पाचच्या चढ्या पट्टीखाली तिने कधी लावू दिली नव्हती. दुसऱ्या तऱ्हेचं गाणं तिला ठाऊकच नव्हतं. ती अंगणवाडीत कामाला होती; तिथली पोरं ती आता नुसत्या टाळ्या वाजवून सांभाळू लागली. गाठी विरल्यावर डॉक्टरांनीच लातूरच्या रत्नम्माबाईंचं नाव सुचवलं. बाई मूळच्या उदगीरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, घरी शास्त्रीय गाणं शिकवायच्या.

पहिल्या रविवारी बाईंनी तिला दोन ओळी गायला लावल्या आणि हाताने थांबवलं. तानपुरा बराच खाली, काळी तीनमध्ये लावला.

"आता सा लाव. मग त्याच्याही खाली उतर, जमंल तितकं. हा खर्ज."

लुंबिनी उतरली. दोन स्वरांतच नुसती घरघर उरली.

"बाई, हे तर गाणंच न्हाई."

"न्हाईच. आधी आवाज तयार व्हायला पायजे. वर्षभर वरच्या सा च्या पलीकडं जायचं न्हाई. कबूल असंल तर पुढच्या रविवारी ये."

परतीच्या एसटीत वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत ती धुमसत होती. पण घरी बसून रूपालीची तालीम ऐकणं त्याहून जड होतं. पुढच्या रविवारी ती गेली.

दसऱ्यापर्यंत खर्ज एके खर्ज चालला. शेजारच्या हाजराबींनी एकदा सुमेधला अडवून विचारलं, "भाभी की तबियत ठीक है ना? सुबे सुबे कराहती है." खर्ज त्यांना कण्हणं वाटला होता. सुमेधला हसू आवरेना. दसऱ्यानंतर भूप राग सुरू झाला. मोबाईलवर ऐकून सुमेध तिच्यासोबत विलंबित एकतालाचा संथ ठेका धरायला बसायचा आणि मध्येच हरवायचा.

"याच्या एका आवर्तनात माझं आख्खं गाणं संपतं," तो कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला.

थंडीत एका सकाळी ती भूपातला गंधार लावून होती. मोबाईलवरचा तानपुरा बंद पडला असं तिला वाटलं. तो चालूच होता. तिचा आवाज नेमका त्यात जाऊन बसला होता. ती कितीतरी वेळ तो एकच स्वर धरून राहिली. भाजी करपली.

मार्च महिन्यात रूपालीचा आवाज फाटू लागला. आलं, मध, गरम पाणी, सगळं करून झालं.

"तिला आता गाऊ देऊ नका," लुंबिनी सुमेधला म्हणाली.

"मग जयंतीला कोण गाईल?"

"मी गाईन. पण काळी तीनमध्ये."

पेटी वाजवणारे दगडोबा तिथेच होते. "वहिनी, तेवढ्या खाली लावली तर पोरं नाचत न्हाईत. लोक उठून जातेत."

"जाऊ द्या."

तिने बाईंना फोन लावला. "बाई, वर्ष काय भरलं न्हाई. गाऊ का?"

बाई म्हणाल्या, "गा. पण ओरडलीस तर मला कळतंय. मग इकडं येऊ नको."

कार्यक्रम अहमदपूरला होता. पहिल्याच गाण्याला पुढची पोरं ओरडली, "आवाज, आवाज!" लुंबिनीचा गळा सवयीने ताणला गेला. तिला ते लगेच जाणवलं. ती थांबली आणि माईकवाल्याला म्हणाली, "तू वाढव. मी वाढवणार न्हाई."

काही पोरं उठून पलीकडच्या डीजेकडे गेली. मोकळ्या जागेत मागच्या बाया लेकरं घेऊन पुढे सरकल्या. आता शब्द न् शब्द ऐकू येत होता. एक म्हातारी डोळे मिटून बसली ती शेवटपर्यंत. सुमेधनेही ढोलकी हळूहळू मऊ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनीने भीतभीत सा लावून बघितला. आवाज शाबूत होता.

पुढे एका मंडळाने बोलावणं रद्द केलं, किनवटकडच्या एका बुद्धविहाराने नवं दिलं. दगडोबा मात्र अजून रुसलेले आहेत. आषाढ पौर्णिमेला बाईंनी लुंबिनीला बागेश्री हा नवा राग शिकवायला घेतला. आता रूपालीही तिच्याबरोबर लातूरला जाते, नुसता खर्ज लावून येताना खिडकीकडे तोंड करून धुमसत बसते आणि विचारलं तरी बोलत नाही. लुंबिनी तिला बोलायला लावत नाही.