सेफ्टीला जुळेल असं काहीतरी

उमरोळीत गेल्या कित्येक वर्षांत जेवढ्या मुली सासरी गेल्या, त्यातल्या निम्म्यांनी नवऱ्याचं नाव अंकुशच्या शब्दांत घेतलं. लग्न ठरलं की मुलीची आई साखरपुड्याआधी त्याच्या ओट्यावर हजर. नवऱ्याचं नाव काय, तो करतो काय, एवढं सांगितलं की चहा संपेपर्यंत उखाणा तयार. बक्षिसाला एक नारळ. अशा माणसाला तारापूर एमआयडीसीतल्या औषधाच्या कंपनीत भट्टीवर, म्हणजे रिअ‍ॅक्टरवर, उभं केलं होतं आणि तिथे त्याच्या कलेची कदर कुणालाच नव्हती. मार्च महिन्यातला सुरक्षा सप्ताह जवळ आला आणि ती कदर अचानक उफाळून वर आली.

झालं होतं असं की कंपनीच्या एचआरचे धीरज साहेब कामाला भलतेच तत्पर. मुंबई ऑफिसने सप्ताहाच्या पाटीचं डिझाइन पास केल्याबरोबर त्यांनी बेटेगावच्या पेंटरकडून पाटी रंगवूनही आणली. चांगली आठ हात लांब. खाली उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘सेफ्टी’ आणि पुढे उद्गारचिन्ह. बाकी पाटी कोरी. डिझाइनमध्ये मजकुराच्या जागी नुसत्या रेघा होत्या, त्यामुळे पेंटरने मजकूर सोडून दिला आणि साहेबांनीही पाटी तशीच ताब्यात घेतली. शेवट पक्का, सुरुवातीचा पत्ता नाही. साहेबांची बरीचशी कामं याच पद्धतीने चालत.

“अंकुश, तू कवी ना? सेफ्टीला जुळेल असं काहीतरी दे,” साहेब म्हणाले. “उद्घाटनाला मालकीणबाई स्वतः येणार आहेत.”

“पाटीवरचा शब्द पुसून दुसरा लिवता नाय येणार?”

“अरे, डिझाइन पास झालंय!”

पण अंकुशनेही संधी सोडली नाही. “ओळ देतो साहेब, पन पॅकिंगचं मागचं दार उघडा.”

हे मागचं दार म्हणजे अंकुशच्या जिवाला लागलेला घोर होता. त्याची बायको दीपा पॅकिंगमध्ये होती. पॅकिंगच्या खोलीला दारं दोन. एक भट्टीच्या हॉलमध्ये उघडणारं आणि एक मागच्या मोकळ्या जागेत. मागच्या दारावर हिरव्या रंगात ‘आपत्कालीन मार्ग’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली लोखंडी पट्टी आणि मुठीएवढं जाड कुलूप. मागच्या पावसाळ्यात भट्टीचा एक सांधा सुटला आणि हॉल धुराने भरला, तेव्हा पॅकिंगच्या बायका आधी या दाराशी धावल्या, कुलूप बघून परतल्या आणि तोंडाला ओढण्या लावून त्याच धुरातून पुढे आल्या. अंकुश बाहेर उभा राहून एकेक चेहरा बघत होता. दीपा सगळ्यांत शेवटी आली. तिचा खोकला दसऱ्यापर्यंत गेला नाही. तेव्हापासून भट्टीचा आवाज जरा बदलला की अंकुशची नजर आधी दाबाच्या काट्यावर जायची नाही, पॅकिंगच्या दाराकडे जायची.

“तू ओळ दे, मी दाराचं बघतो,” साहेबांनी वचन दिलं.

आता सेफ्टीला जुळवायचं काय? अंकुशने आयुष्यात नाना तऱ्हेची नावं जुळवली होती. पण नवऱ्याचं नाव निदान मराठी तरी असतं. हा शब्द मराठीत रोज वापरला जातो, पण मराठीतल्या कुणाशी त्याचं जमत नाही. डबा खाताना त्याने पॅकिंगच्या बायकांना विचारलं.

“चपटी,” इंदुबाई लगेच म्हणाली. तिचा नवरा रोज संध्याकाळी एक चपटी घेऊनच घरी येत असल्याने तिला शोधायला कुठे जावं लागलं नाही.

“कपटी,” दुसरी म्हणाली आणि साहेबांच्या केबिनकडे बघितलं.

“एकटी,” दीपा म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावायला लागली. त्यावर कुणी हसलं नाही.

धीरज साहेबांनी स्वतःही डोकं चालवलं. शेअर बाजारात त्यांचा जीव अडकलेला असल्यामुळे त्यांना ‘निफ्टी’ सुचलं. ‘वर जाई निफ्टी, आधी बघा सेफ्टी’ हे त्यांनी दिवसभर सगळ्यांना ऐकवलं. मग त्याच दिवशी बाजार पडला आणि त्यांनी ती ओळ मागे घेतली.

अंकुशने पहिली ओळ नेऊन दिली ती अशी: ‘मागच्या दाराची काढा पट्टी, तेव्हाच म्हणा आहे सेफ्टी.’

साहेबांनी ती दोनदा वाचली. “यमक छान आहे रे. पण निगेटिव्ह वाटतं. मॅडमना पॉझिटिव्ह आवडतं.”

मग अंकुशने डोळे मिटले, मनातली सगळी खरी गोष्ट बाजूला काढून ठेवली आणि साहेबांना हवं तसं दिलं: ‘नको घाई, नको फिफ्टी-फिफ्टी, आमच्या कंपनीत शंभर टक्के सेफ्टी!’ साहेबांना भरून आलं. ते ‘शंभर टक्के’वर खास खूश झाले. पहिलं बक्षीस जाहीर झालं: पाच लिटरचा कुकर.

“आन् दार?” अंकुशने विचारलं.

“बघतो म्हटलं ना!”

आणि खरोखरच बघितलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अंकुश पॅकिंगमध्ये आला तर पाटी त्याच दारावर आडवी ठोकलेली. पाटी दाराहून रुंद, म्हणून दोन्ही टोकांना भिंतीत स्क्रू मारलेले. कुलूप, पट्टी आणि ‘आपत्कालीन मार्ग’, सगळं तिच्यामागे गडप.

“एवढी मोठी मोकळी जागा दुसरी नव्हतीच,” साहेब हात चोळत म्हणाले. “बघ, कसं शोभतंय!”

अंकुशचं तोंड कडू झालं. आजवर आपल्या शब्दांनी किती जणींची दारं उघडली, आणि बायकोचं दार मात्र आपल्याच शब्दांनी बंद झालं. दीपा पाटी वाचत उभी होती.

“तुमीच लिवलंत ना?” तिने विचारलं.

“व्हय.”

“बेस हाय,” ती म्हणाली. याहून एखादी शिवी परवडली असती.

मालकीणबाई, प्रियदर्शिनी मॅडम, मुंबईहून आल्या. बाई हसतमुख होत्या आणि समारंभाची त्यांना मनापासून हौस होती. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. धीरज साहेबांनी कवीची ओळख करून दिली, उखाण्यांचा उल्लेख केला, कवीच्या पत्नी इथेच काम करतात हेही सांगितलं. इथे त्यांचं जरा जास्त झालं.

“अय्या, मग त्यांनी उखाणा घ्यायलाच हवा!” मॅडम म्हणाल्या. “आणि हो, शेवटी सेफ्टी आलं पाहिजे.”

बायकांनी दीपाला पुढे ढकललं. ती नेमकी दाराशी येऊन उभी राहिली. अंकुशला त्यांचं लग्न आठवलं. उंबरठ्यावर त्याच्या बहिणीने दार अडवलं होतं, आणि दीपाने त्यानेच लिहून पाठवलेला उखाणा खाली मान घालून, घडाघडा म्हणून टाकला होता. आज तिची मान वर होती.

“पुढं तापते भट्टी, मागं कुलूपपट्टी,
अंकुशरावांचं नाव घेते, दार उघडा, मग बोला सेफ्टी.”

टाळ्या वाजल्या. धीरज साहेबांनीही वाजवल्या, कारण शेवटचा शब्द बरोबर आला होता. अर्थ त्यांच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला.

“नाव घेतलं,” इंदुबाई खणखणीत आवाजात म्हणाली. “आता दार उघडाया लागंल. आमच्यात रीत हाय. नाव घेतल्यावर दार अडवत नाय.”

“हो, हो, आमच्याकडेही आहे!” मॅडम हसल्या. “उघडा ना. पण दार कुठे आहे?”

“पाटीच्या मागं,” दीपा म्हणाली.

मॅडमचं हसू हळूहळू आटलं. कुणी सांगण्याची वाट न बघता अंकुशने स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्वतःच्या दोन ओळी स्वतःच्या हाताने खाली उतरवल्या. मागे कुलूप निघालं. किल्लीची शोधाशोध झाली. ज्या वॉचमनकडे किल्ली होती, तो नोकरी सोडून गावी गेला होता.

“हे बंद का ठेवलंय?” मॅडमनी विचारलं.

“सेफ्टीसाठीच, मॅडम,” धीरज साहेब कळवळून म्हणाले. “माल बाहेर जातो ना!”

वर्कशॉपमधून ग्राइंडर आला. कुलूप तुटून खाली पडलं, दार कुरकुरत उघडलं आणि पॅकिंगमध्ये उन्हाचा लांब पट्टा आला. बाहेर लगेच एक उघडं गटार होतं. अंकुशने पाटी उचलून त्यावर आडवी टाकली. त्या पाटीचा उपयोग तेव्हा कुठे सुरू झाला. दीपा तिच्यावरून चालत पलीकडे गेली, उन्हात उभी राहिली आणि तिने एक मोठा श्वास घेतला. अंकुशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही.

मॅडम गेल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धीरज साहेब पॅकिंगमध्ये आले, ते खिशात नवीन कुलूप घेऊन. बायका उंबरठ्यावर ओळीने डबे उघडून बसल्या होत्या. उघड्या दाराला बक्षिसाचा कुकर टेकवून ठेवला होता, आत दगड भरून.

“अहो, हा कुकर घरी न्या की!” साहेब म्हणाले.

“घरी एक हाय,” दीपा जेवता जेवता म्हणाली. “ह्यो हितंच राहूद्या.”

साहेबांनी खिशातल्या कुलपावर हात ठेवला आणि बायकांकडे बघितलं. कुणीही उठायला तयार नव्हतं.

“जेवून घ्या साहेब,” इंदुबाईने सरकून जागा केली. “मान्सं उंबऱ्यावर बसली असली का दार लावत नाय. ती पन रीत हाय.”

अशी काही रीत अंकुशने उमरोळीत कधी ऐकली नव्हती. पण तो आपला डबा घेऊन दीपाशेजारी उंबरठ्यावर बसला.