डेल्मरकाकांची रायफल घेताना

बंदूक घ्यायची तर डेल्मरकाकांकडून, हे आमच्या खोऱ्यात कुणीही सांगितलं असतं. एकतीस वर्षं ते अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पोरांना बंदुकीचे धडे देत आलेत. मला त्यांनीच शिकवलं, माझ्या नवऱ्यालाही. शिवाय ज्या घरचं पोर पहिल्यांदा शिकारीला निघणार असेल, त्या घरी खारींच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या पहाटे काका आपला ट्रक घेऊन हजर होतात आणि पोराला स्वतः रानात नेतात. या शनिवारी पाळी माझ्या लोराची होती.

लोरा बारा वर्षांची आहे. तिचा डावा हात जन्मापासून अधू. उजव्या हातानं काडतूस नळीत सरकवणारा बोल्ट ओढायला गेली की डाव्यावर बंदूक तोलत नाही, नळी खाली झुकते. म्हणून दर गोळीनंतर आपोआप पुढचं काडतूस भरणारी रायफल तिला हवी होती, आणि मला नेमकी तिचीच धास्ती होती. साधी बंदूक एक बार काढून गप्प बसते. हिची दुसरी गोळी तयारच असते. मी शाळेची बस चालवते, रोज चाळीस पोरं घाटातून नेते. ब्रेक तपासल्याशिवाय मी बस जागची हलवत नाही, मग असली वस्तू न तपासता पोरीच्या हातात कशी देणार?

गुरुवारी दुपारी पोरांना घरोघरी सोडून मी काकांची विकायची तसली रायफल बघायला त्यांच्या परसात गेले. ओढ्याकाठी त्यांचं नेमबाजीचं बाक आहे, समोर तीस पावलांवर मातीचा बांध आणि तारेचं कुंपण. बांधावर टिनाचे डबे ठेवले होते. काकांनी बोल्ट उघडा ठेवूनच रायफल माझ्या हाती दिली. आधी गोळ्यांची डबी, म्हणजे मॅगझीन, काढायचं, मग बोल्ट मागे घ्यायचा, हा क्रम त्यांनीच आम्हाला घोकून घेतला होता. उलट केलं तर मॅगझीनमधली गोळी नळीत जाऊन बसते आणि बंदूक रिकामी आहे असं वाटत राहतं. मी करंगळी घालून नळीचं मागचं तोंड चाचपलं. बोल्ट मिटला, सुरक्षेचा खटका लावून चाप ओढून पाहिला, सुटला नाही. मग खटका काढून रबरी हातोडीनं दस्त्यावर चांगल्या चार-पाच ठोकल्या. तरीही चाप आपोआप सुटला नाही.

"लग्नाआधी नवऱ्याला एवढं ठोकून बघितलं असतंस तर बरं झालं असतं," काका म्हणाले.

"तो तुमच्याच वर्गातून पास झाला होता. मला वाटलं, तपासलेला माल असेल."

काका हसले, पण जरा उशिरा. मला वाटलं, चेष्टा झोंबली.

मग गोळ्यांची वेळ आली. मी नव्या काडतुसांचा खोका आणला होता. काका म्हणाले, नवी शनिवारसाठी ठेव, ही कधी संपवायची? आणि त्यांनी कॉफीचा जुना डबा पुढे केला. असा डबा आमच्याकडे घरोघरी असतो. कोटाच्या खिशात उरलेली, ट्रकच्या गालिच्याखाली सापडलेली, तळघरात ओल खाल्लेली सगळी सुटी काडतुसं त्यात जातात. कुठलं कोणत्या सालचं, देवालाच ठाऊक. दुसऱ्या कुणी तो डबा पुढे केला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. पण समोर काका होते. ज्यांनी मला बंदूक धरायला शिकवलं त्यांना काडतुसाबद्दल काय सांगायचं? मी तोंड मिटून घेतलं. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

आम्ही दोघांनी कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवले. अनोळखी रायफल एकदम पूर्ण भरायची नसते, म्हणून मी आधी एक गोळी भरली, मग दोन. दोन भरल्या तेव्हा चाप एकदा ओढला की एकच सुटते याची खात्री झाली. मग पाच. एकही अडकली नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरत चाललं होतं. काका रंगात आले, दे इकडे म्हणाले, मॅगझीन दहा गोळ्यांनी भरलं आणि बाकावर बसले.

चार गोळ्या खणखणीत गेल्या. पाचवीला नुसतं फुस्स झालं. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडावं तेवढाच आवाज. डबा हलला नाही, बांधावर मातीही उडाली नाही. बोल्टही मागे आला नाही. आणि काकांचा हात आपोआप बोल्टच्या दांडीवर गेला, त्यानं ती ओढली, रिकामी पुंगळी बाहेर पडली आणि नवं काडतूस आत बसलं. असल्या रायफली दिवसातून दोनदा अडकतात. आमच्याकडचा प्रत्येक जण दांडी ओढतो आणि पुढची गोळी झाडतो, कुणी विचारही करत नाही. पण ही अडकलेली नव्हती. काडतुसात दम नसल्यानं गोळी नळीतच राहिली असणार होती. तिच्यावर दुसरी आदळली की नळी फुटणार, आणि काकांचा गाल दस्त्याला टेकलेला होता.

"थांबा!" मी ओरडले.

हा शब्द आमच्याकडे कुणीही उच्चारू शकतं. शेंबड्या पोरानं उच्चारला तरी म्हाताऱ्यानं बोट काढायचं, बोल्ट उघडायचा, बंदूक खाली ठेवायची, कारण नंतर विचारायचं. हा नियमही काकांचाच. पण त्यांनी डबा नेमात घेतला. मी पुन्हा ओरडले. त्यांचं बोट चापावर गेलं. मी तिसऱ्यांदा ओरडले, मागून वाकले, त्यांचं उजवं कोपर दोन्ही हातांनी पकडलं आणि जोरानं मागे ओढलं. बोट चापावरून निघालं. नळी बांधाकडेच राहिली.

काकांनी खटका लावला, रायफल बाकावर ठेवली, इअरमफ काढून आपटले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"भरल्या बंदुकीवर हात घालतात? हे शिकवलं मी तुला?"

"मी तीनदा ओरडले, काका."

"नाही ओरडलीस."

मी मॅगझीन काढलं, काडतूस बाहेर घेतलं आणि नळी साफ करायचा गज पुढून आत सरकवला. अर्ध्यावर जाऊन तो टक्क करून थांबला. काका बघत राहिले. मग त्यांनीच गज माझ्या हातातून घेतला, हातोडीनं हळूहळू ठोकत शिशाची गोळी बाहेर काढली आणि तळहातावर घेतली.

"काडतूस सडकं होतं," ते म्हणाले. "रायफल चांगली आहे. घेऊन जा. शनिवारी साडेपाचला येतो, पोरीला तयार ठेव."

रायफल खरंच चांगली होती. मान हलवून निघून जाता आलं असतं. रानात लोरा त्यांच्या पुढे चालणार, घसरली किंवा घाबरली तर एकच शब्द ओरडणार, आणि मागे तो ऐकू न येणारे काका. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"काका, लोराला मी नेईन. तुम्ही नका येऊ."

त्यांना एकदम कळलं. समोरासमोर, माझ्या ओठांकडे बघून, त्यांना सगळं कळत होतं.

"कानांवर ते होतं म्हणून," त्यांनी इअरमफकडे बोट दाखवलं. "आता नाहीये. मी कुंपणाकडे चालत जातो. तू इथूनच ओरड, मगासारखीच. ऐकू आलं की मी थांबेन. मग शनिवारी मीच नेणार."

ते पाठ फिरवून निघाले. सावकाश, ताठ मानेनं, वर्गात फळ्याकडे जायचे तसे. दहा पावलांवर मी ओरडले. ते चालत राहिले. मी पुन्हा ओरडले, मग घसा फाटेस्तोवर ओरडले. ओढ्यापलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी थांबावं. त्यांनी जिंकावं, आणि पोरीला न्यावं. मी चौथ्यांदा ओरडले.

काका कुंपणापाशी पोहोचले, तारेवर हात ठेवला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"अगं, ओरड की," ते म्हणाले. "कसली वाट बघतेयस?"