फुग्यावरचे तांदूळ

माझी जीभ डोक्याच्या आधी धावते, हे खालापुरातल्या आमच्या शाळेत शिपायालाही ठाऊक आहे. मी नववीला विज्ञान शिकवते.

विश्वाचं प्रसरण दाखवायला मी फुग्यावर पेनाने ठिपके काढले आणि तो फुगवला. "हे ठिपके म्हणजे दीर्घिका. बघा, सगळं एकमेकांपासून लांब चाललंय."

"सूर्य पन लांब चाललाय आपल्यापासून?" डोक्यावरचा हिजाब सारखा करत सिद्राने विचारलं.

"सगळंच!" मी ठणकावलं. "असाच फुगा घरून करून आणा. चांगला असेल तो खोपोलीच्या विज्ञान प्रदर्शनाला."

दुसऱ्या दिवशी सिद्राच्या फुग्यावर ठिपके नव्हतेच. तिने डिंकाने तांदळाचे दाणे चिकटवले होते. "बाई, दाने फुगत नाय म्हनून..." ती सांगत होती, पण ऐकून घेईन तर मी कसली!

"फुग्याची बिर्याणी केलीस की काय?"

अख्खा वर्ग खो खो हसला. सिद्राने फुगा पाठीमागे लपवला. मी देवेशचा ठिपक्यांचा फुगा निवडला.

खोपोलीत परीक्षकांनी तो फुगवून बघितला. "ठिपकेही मोठे झाले की! दीर्घिका फुगतात का?" देवेशने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. परीक्षकच म्हणाले, "प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या अफाट अंतरात. दीर्घिकेच्या आत, सूर्य आणि पृथ्वीत, गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं. तिथे काही ताणलं जात नाही. न फुगणारं काहीतरी चिकटवायचं होतं. तांदूळसुद्धा चालले असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडा चुकला याचं एवढं नाही, तो पुन्हा शिकवता येतो. लाज वाटत होती ती 'बिर्याणी' या एका शब्दाची. तांदूळ देवेशने लावले असते तर तो माझ्या तोंडी आला असता का? नसता आला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी सिद्राला व्हरांड्यात गाठलं. "तुझं बरोबर होतं गं. माझं चुकलं. आणि ते बिर्याणीचं बोलले, ते तर फारच चुकलं."

"तुमी वर्गात बोललेलात, बाई."

"हो."

"मग हे पन वर्गात सांगाल?"

घंटा झाली. पोरं धावत आत शिरली, बाकं सरकली. दारातून मला ती सगळी तोंडं दिसत होती.

"बघू गं," मी म्हणाले. "आज पोर्शन बराच राहिलाय."

"हो, बाई," ती लगेच म्हणाली. माझं उत्तर तिला आधीच ठाऊक होतं.