लीग जिंकेपर्यंत

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. मी रागात काहीबाही बोलले की ती हातातलं काम टाकून माझ्या तोंडावर हात ठेवायची. घरात वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी म्हणायचे, म्हणू दे, वास्तूला दुसरा उद्योग काय आहे? आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं ऐकायला हवं होतं हे मला पन्नाशीत कळलं, आणि तेव्हा वेळ निघून गेली होती.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझी दोन मशीनं, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी आरसा. मागच्या खोलीत बाबा. मधे दार नाही, नुसता पडदा. त्यामुळे बाबा आणि त्यांचे दोन मित्र मागे बसून काय भांडायचे ते मशीन चालू असतानाही ऐकू यायचं, आणि मला कळायला लागल्यापासून ते एकाच गोष्टीवर भांडत आले होते. यंदा आपला फुटबॉल क्लब लीग जिंकणार की नाही.

एक बेकरीवाले काका. त्यांना दर वर्षी वाटतं, यंदा नक्की. दुसऱ्यांना सगळे रडोबा म्हणतात. ते पोस्टातून रिटायर झालेत, आणि क्लब चार गोलांनी पुढे असला तरी त्यांना आपण पाच खाताना दिसतो. बाबा या दोघांच्या मधे, पंचासारखे. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "तुम्ही दोघं काय भांडायचं ते भांडा. लीग जिंकल्याशिवाय मी काही मरत नाही."

क्लब शेवटची लीग जिंकला तेव्हा मी फ्रॉक घालत होते. म्हणून रडोबा म्हणायचे, "मग तू अमर आहेस, लेका."

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी बाबा गेले. मी हे सरळच सांगते, कारण त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. टीव्हीवर मॅच चालू होती. छातीत दुखतंय म्हणाले, पलंगावर आडवे झाले, आणि हाफटाइमच्या आत सगळं आटोपलं. मी छोटा आरसा आणून नाकाशी धरला. वाफ नाही. मनगट चाचपलं, गळा चाचपला. काही नाही.

आई गेली तेव्हा मी रडले होते. बाबांच्या वेळी मला राग आला. ना निरोप, ना काही, मी पुढे कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावतेय आणि हे आपले परस्पर निघाले. मी त्यांचे खांदे धरून हलवले आणि म्हणाले, "असं कसं जाता? लीग जिंकेपर्यंत जायचं नाही तुम्ही. मुळीच जायचं नाही, सांगून ठेवते."

टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज दूर कुठेतरी गेला. खोली एकदम गप्प झाली, कोणी कान देऊन ऐकावं तशी. मग बाबांनी डोळे उघडले.

"स्कोअर काय?" त्यांनी विचारलं.

"एक-एक," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी छातीला नळी लावली, काढली, फुंकर मारून पुन्हा लावली. बाबा त्यांना ऑफसाइड कसा चुकीचा दिला ते समजावून सांगत होते. "विश्रांती घेऊ द्या," एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि त्यानंतर रस्त्यात मला पाहिलं की पलीकडच्या बाजूला जायला लागले.

आधी मी स्वतःची खोटीच समजूत घातली, की आरसाच खराब असेल. पण मी शिंपीण आहे, मला माणूस कपड्यांवरून कळतो. बाबांचा शर्ट आठ दिवसांनी धुवायला काढला तर कॉलर मळलेली नव्हती. काखेत घामाचा डाग नाही, इस्त्रीची घडीसुद्धा तशीच. महिनाभर मी स्वच्छ शर्ट धूत राहिले, शेजारणींना दिसायला नको म्हणून. चहा ठेवला की त्यावर साय धरायची आणि संध्याकाळी मी तो ओतून द्यायचे. एकदा माशी येऊन त्यांच्या उघड्या डोळ्यावर बसली आणि ते तसेच बोलत राहिले. तेव्हा माझ्या आणखी एक लक्षात आलं. बाबा बोलताना मधे श्वास घेत नव्हते. अख्ख्या पहिल्या हाफचं वर्णन त्यांनी एका दमात केलं, आणि दम तर नव्हताच.

बेकरीवाले काका आणि रडोबा मात्र रविवारी नेमाने येत राहिले. त्यांनी कधी काही विचारलं नाही. फक्त बाबांना टाळी देणं त्यांनी बंद केलं. तो हात किती गार असतो ते मला माहीत होतं.

मी काय केलंय हे मला त्या पहिल्या मोसमाच्या शेवटी कळलं. तीन मॅच उरल्या होत्या आणि क्लब पहिल्या नंबरवर. मागे बेकरीवाले काका जोरात होते. "या वर्षी देवसुद्धा अडवू शकत नाही. तिन्ही सोप्या मॅच आहेत."

"सोप्याच मॅच आपण हरतो," रडोबा म्हणाले. "अवघड मॅच हरायलाही अंगात काही लागतं."

लीग जिंकेपर्यंत, असं मी म्हणाले होते. मग जिंकल्यावर? मी पडदा बाजूला सारला आणि फटकन बोलले, "नाही जिंकत. यंदा काही जिंकत नाही." पुन्हा तसंच झालं. टीव्हीचा आवाज दूर गेला आणि खोलीने कान दिला.

पुढच्या शनिवारी आमच्या गोलकीपरने एक साधा बॉल हातात धरला. जवळपास कोणी नव्हतं. त्याने हात उघडले, बॉल खाली पडला, आणि गडगडत आत गेला. तिथून लीग गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं म्हणणं आलं होतं, कोणीतरी कानाशी "सोड" म्हणालं म्हणून. लोकांनी त्याची टिंगल केली. मी मात्र ते वाचून दिवसभर मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा क्लब वर चढला. एका दुपारी बाबांनी मला हाक मारून समोर बसवलं. मित्र यायचे होते.

"पोरी, मी रोज म्हणून बघतो, जिंकणार, जिंकणार. काही उपयोग नाही. घर घरच्याच माणसाचं ऐकतं. मी आता इथला राहिलोच नाही ना. तुझं ऐकतं. तू म्हण एकदा."

"मी नाही म्हणणार."

"मला झोप येत नाही गं. भूक नाही, तहान नाही. नुसता बसलेला असतो. किती दिवस बसवशील?"

"बसा," मी म्हणाले. "मला एकटीला टाकून जायची एवढी घाई झाली असेल तर बसाच." आणि त्या रविवारी मी पडद्यातून डोकं काढून, डोळे कोरडे ठेवून सांगितलं, नाही जिंकत. शेवटच्या मॅचमध्ये आमचा बॉल तीनदा खांबाला लागून परत आला. बाबांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, समजले. समजले वगैरे काही नव्हते. विचारलं होतं हेच विसरले होते.

कारण माझी एक चूक झाली होती, आणि ती मला या वर्षी दिसली. मी म्हणाले होते लीगपर्यंत. घराने माझं बोलणं अगदी शब्दाला शब्द धरून ऐकलं. लीगला लागेल तेवढंच त्याने ठेवलं आणि बाकीचं हळूहळू नेलं.

आधी त्यांची नोकरी गेली. कुठे काम करायचे ते आठवेना. मग गोडाची चव कशी असते ते. मग आईचा फोटो बघून म्हणाले, "या बाई कोण?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. पण पस्तीस वर्षांपूर्वीच्या लीगच्या शेवटच्या मॅचला बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आला, ते विचारा, ताडकन उत्तर. मी रात्रंदिवस ज्याला धरून बसले होते तो माझा बाप नव्हताच आता. क्लबचा एक जुना पाठीराखा माझ्या बापाच्या अंगात बसला होता.

आणि गेल्या महिन्यात मी त्यांच्या शर्टाचं बटण लावत असताना त्यांनी माझ्याकडे अदबीने पाहिलं. "टाका छान घालता हो, बाई," ते म्हणाले. "शिकलात कुठे?"

त्यांनीच शिकवलं होतं. बटण कसं लावायचं ते, मी सात वर्षांची असताना, आई दवाखान्यात होती तेव्हा. मी म्हणाले, "घरीच शिकले."

तर परवाचा शनिवार. मोसमातली शेवटची मॅच, आपल्याच मैदानावर, आणि नुसती बरोबरी झाली तरी लीग आपली. दुपारी मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी दोघं मित्र येऊन बसले. मी मशीन बंद ठेवलं होतं.

"हरणार," असं कोणीतरी म्हणालं, आणि तो आवाज रडोबांचा नव्हता.

मी पडद्यापाशी गेले. बेकरीवाले काका खाली जमिनीकडे पाहत होते. "आज आपण हरणार," ते पुन्हा म्हणाले. "डावी बाजू उघडी आहे आपली. त्यांचा तो उंच पोरगा घुसणार."

बाबा चकित झाले. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? इतकी वर्षं तू कधी असं बोललास?"

"बरोबर बोलतोय तो," रडोबा म्हणाले. "हरू दे. पुढच्या वर्षी बघू. आपल्याला कुठे घाई आहे?"

त्यांचा आवाज कापत होता. तेव्हा मला कळलं, या दोघांना सगळं ठाऊक आहे, पहिल्या रविवारपासून. तीन वर्षं हे दोघं त्या गार माणसाच्या शेजारी बसून वाद घालत आले, कारण वाद संपला तर दोस्त जाणार. मला एकदम त्या दोघांच्या पाया पडावंसं वाटलं.

रडोबांनी मला पाहिलं. "पोरी, तू सांग. तू म्हणतेस तेच होतं दर वर्षी. सांग याला, हरणार म्हणून." ते जवळजवळ हात जोडत होते.

बाबा माझ्याकडे वळले. मग बेकरीवाल्या काकांकडे झुकून हळूच म्हणाले, "यांना फुटबॉलमधलं कळतं का?" मग मला, "बसा ना बाई. उभ्या का?"

मी बसले, त्यांच्या शेजारी, पलंगाच्या कडेला. तीन वर्षं जे वाक्य मी गिळत होते ते गिळायची सवयच झाली होती. तरी म्हणाले, "जिंकणार. आज आपण जिंकणार."

टीव्हीचा आवाज लांब गेला. बेकरीवाल्या काकांनी डोळे मिटून घेतले. बाबा तेवढे खूश झाले. "ऐका, ऐका. बाईंना कळतं."

मॅच कशी झाली ते मला विचारू नका. आमची पोरं काही विशेष खेळली नाहीत म्हणे. पण समोरच्यांचे पाय बॉलच्या जवळ आले की अडखळत होते, आणि त्यांचा तो उंच पोरगा दोनदा थांबून मागे वळून पाहत होता, जणू कोणी हाक मारलीय. मी बाबांचा हात हातात घेतला होता. परक्या बाईने असा हात धरल्यावर सभ्य माणूस अवघडतो तसे ते अवघडले, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आपला गोल झाला. बाबा मला समजावून सांगत होते, आता नुसता वेळ काढायचा, बॉल कोपऱ्यात न्यायचा.

मी म्हणाले, "बाबा."

"आं?" त्यांचं लक्ष टीव्हीकडे होतं. "दोनच मिनिटं उरली."

शिट्टी झाली. बाहेर रस्त्यावर लोक ओरडायला लागले, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आमच्या खोलीत कोणी हललं नाही. रडोबा तोंडावर रुमाल धरून बसले होते. मलाही राहवेना, तोंड फिरवायचं राहूनच गेलं.

बाबांनी हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो बाई, जिंकलो की आपण. रडता कशाला?"

आनंदाने, असं मी म्हणाले. पण तेवढं ऐकायलाही ते थांबले नव्हते.