बिळातली चिंबोरी

बोनकोड्याच्या सगुणाने शाळेतल्या शिबिरात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली, ती केवळ शेजारणी गेल्या म्हणून. रिपोर्ट चांगला आला आणि बाईने आळीभर पेढे वाटले. ही शहाऐंशी सालची गोष्ट. कुठलंही काम गाजावाजा न करता करणं सगुणाला ठाऊकच नव्हतं.

अंगावरून मात्र पाण्यासारखं जातच होतं, मधूनच तांबूस. उष्णता झाली म्हणून ती तांबेच्या तांबे सब्जाचं पाणी पीत राहिली. तिची भाडेकरीण सुनीती वाशीला नर्स होती. कपडे वाळत घालताना तिच्या कानावर हे आलं, तशी हातातली चादर तिने पुन्हा बादलीत टाकली.

"मावशी, परत तपासून घ्या."

"अगो पोरी, येडी का खुली तू? पेढे वाटून झाले! आता परत गेले त बाया हसतील मना."

सुनीतीने तिला पायरीवर बसवलं. "गर्भाशयाच्या तोंडातून आत एक नळी जाते. तिच्यात चिकट पाणी पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. एका जातीचा कर्करोग त्या ग्रंथींतच सुरू होतो. शिबिरातल्यासारखं वरवर खरवडलं तर तो निसटू शकतो. आतलं बघावं लागतं."

कर्करोग म्हटल्यावर सगुणा घाबरलीच. पण जन्मभर खाडीच्या चिखलात हात घालून खेकडे धरणारी बाई ती. म्हणाली, "मंजे चिंबोरी बिलात, न् आमी चिखलावर शोधतो?"

"अगदी तस्संच!"

तरी हसं होण्याची भीती जाईना. शेवटी तिचा नवरा पंढरी वैतागला. "हसतील त हसूं दे! त्यांना शिव्या द्यायला तू त जित्ती पायजेस!"

मुंबईच्या इस्पितळात नळीच्या आतला तुकडा तपासला आणि रोग सापडला. अजून लहान होता, जागचा हललेला नव्हता. गर्भाशय काढलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं निघालंय, कुठे पसरलेलं नाही. पण आता तपासायला येत राहायचं. पाच वर्षं."

"पाच वर्षं?" पंढरीचा चेहरा उतरला.

सगुणा मात्र खुदकन हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं मन हलकं झालं होतं.

"अवो, त्वांड काय पाडतांव? डाक्टरीन पाच वर्षं माजी वाट बघनार हाय. मरनाऱ्याची कोन वाट बघतंय?"

पंढरीने डोळे पुसले आणि पहिली तारीख विचारून घेतली.